विद्यापीठाची मुद्रा आणि लोगो: कुठे, कधी आणि कुणी वापरायचा?

विद्यापीठाच्या नावाने पहिल्यांदाच काही छापायची वेळ आली की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. नेटवर शोधायचं, दिसेल तो गोल शिक्का उचलायचा आणि पत्रकाच्या कोपऱ्यात डकवायचा. काम झालं! पण उचललेली गोष्ट बऱ्याचदा लोगो नसतेच. ती विद्यापीठाची अधिकृत मुद्रा असते, आणि परिसंवादाच्या पत्रकावर तिचं काही काम नसतं.

हा लेख नवख्यांसाठी आहे: नुकतेच रुजू झालेले कर्मचारी, कार्यक्रमाची जबाबदारी अंगावर आलेले प्राध्यापक, विद्यार्थी मंडळात डिझाइन करणारी मुलं, आणि विद्यापीठाचं काम पहिल्यांदा घेतलेले छपाईवाले. प्रत्येक विद्यापीठाची नियमावली वेगळी असते आणि शेवटचा शब्द तिचाच. ती उघडण्याआधी डोक्यात काय स्पष्ट असावं, ते इथे सांगतो.

पायरी १: हातात नेमकं काय आहे ते ओळखा

अधिकृत मुद्रा बहुधा गोल असते. कडेने विद्यापीठाचं पूर्ण नाव, स्थापनेचं वर्ष, ब्रीदवाक्य. मध्ये पुस्तक, दिवा, ढाल, सूर्य असं काहीतरी. पूर्वी ती लाखेत किंवा मेणात उमटवत, म्हणजे कागद खरा आहे याची ती खूण. आजही तिचं काम तेच आहे. पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रिकेची अधिकृत प्रत, करारनामा, विद्यापीठाचे ठराव अशा कागदांवर ती येते, आणि ती कुणी उमटवायची हे ठरलेलं असतं. सहसा हा अधिकार कुलसचिवांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे असतो.

लोगो म्हणजे रोजच्या वापराचं चिन्ह. त्यात एखादी आकृती आणि ठरावीक अक्षररचनेतलं विद्यापीठाचं नाव असतं. वेबसाइट, माहितीपत्रक, फलक, ओळखपत्र, जाहिरात हे त्याचं क्षेत्र. कधी आकृती नसते, नुसतं नावच विशिष्ट अक्षरात मांडलेलं असतं. तेही लोगोच समजा. तुम्ही तेच नाव दुसऱ्या फॉन्टमध्ये टाइप केलंत तर तो लोगो राहत नाही.

जुन्या विद्यापीठांकडे ढालीच्या आकाराचं कुलचिन्ह असतं. ऑक्सफर्डच्या ढालीवर उघडं पुस्तक, तीन मुकुट आणि लॅटिन ब्रीदवाक्य आहे. हार्वर्डच्या ढालीवर तीन पुस्तकं आणि ‘व्हेरिटास’ (लॅटिनमध्ये ‘सत्य’) हा एकच शब्द आहे. त्या ढालीचं कच्चं रेखाटन १६४३ सालचं. ते जुन्या दप्तरात पडून होतं आणि एकोणिसाव्या शतकात पुन्हा हाती लागलं. काही ठिकाणी खेळांच्या संघांसाठी एखाद्या प्राण्याचं शुभंकरही असतं. त्याचे नियम वेगळे आणि खातंही बहुतेक वेगळं.

मुद्रा आणि लोगो यांची गल्लत फक्त नवखेच करतात असं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१२ मध्ये प्रचारसाहित्यासाठी एक नवं, सुटसुटीत चिन्ह आणलं. जुनी मुद्रा पदवी प्रमाणपत्रांवर आणि औपचारिक कागदांवर तशीच राहणार होती. पण उघडं पुस्तक आणि १८६८ हे वर्ष असलेली ती मुद्राच काढून टाकली जातेय असा अनेकांचा समज झाला. विरोधातल्या अर्जावर पन्नास हजारांहून जास्त सह्या पडल्या आणि डिसेंबर २०१२ मध्ये नवं चिन्ह मागे घेण्यात आलं. दोन चिन्हांची दोन कामं असतात हे लोकांना नीट सांगितलं नाही, तर इतकं होऊ शकतं.

एक अडचण मात्र खरी आहे. कित्येक विद्यापीठांत मुद्रा आणि लोगो दिसायला एकच असतात. तिथे फरक वापराच्या पद्धतीत असतो. उठावदार छाप किंवा सोनेरी छपाई म्हणजे मुद्रा, सपाट रंगीत आकृती आणि शेजारी नाव म्हणजे लोगो. तुमच्याकडे असा प्रकार असेल तर अंदाजाने पुढे जाऊ नका, नियमावलीत दोन्हींच्या व्याख्या शोधा. तिथेही धूसर असेल तर कुलसचिव कार्यालयाला एका ओळीचा मेल टाका.

आणि हो, विभागाच्या टेबलावरचा रबरी शिक्का ही तिसरीच गोष्ट. ‘विभागप्रमुख, अमुक विभाग’ असा तो शिक्का सहीखाली येतो. तो मुद्रेसारखा दिसावा म्हणून मध्ये विद्यापीठाचं चिन्ह घालून गोल बनवून घेण्याची हौस काहींना असते. ती टाळा.

पायरी २: कागदावर कोण बोलतंय ते ठरवा

सगळे नियम याच एका प्रश्नातून निघतात, त्यामुळे इथे घाई करू नका. माझी कसोटी साधी आहे: या कागदात उद्या चूक निघाली, तर खुलासा कुणाला करावा लागेल?

उत्तर ‘विद्यापीठाला’ असेल, म्हणजे पदवी, गुण, प्रवेश, करार, नियुक्ती असलं काही असेल, तर मुद्रेचा विचार होऊ शकतो. तोही तुम्ही करायचा नाही, ज्यांच्याकडे तिचा अधिकार आहे त्यांनी करायचा. उत्तर ‘विभागाला’ किंवा ‘केंद्राला’ असेल तर लोगो. बऱ्याच विद्यापीठांत विभागाच्या नावासह लोगो तयार करून दिलेला असतो, तोच घ्या. उत्तर ‘आम्हा मुलांना’ किंवा ‘मला’ असेल, तर साध्या अक्षरात विद्यापीठाचं नाव लिहिणं पुरेसं आहे. ‘अमुक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा गट’ असं लिहिणं ही माहिती झाली. वर लोगो चढवला की वाचणाऱ्याला वाटतं, यामागे विद्यापीठ उभं आहे.

या कसोटीवर सगळ्यात जास्त घसरतात ती कार्यशाळेची सहभाग प्रमाणपत्रं. दोन दिवसांची कार्यशाळा, शेवटी प्रत्येकाला एक कागद. तो भारदस्त दिसावा म्हणून सोनेरी किनार, मध्ये फिकट रंगात मोठी मुद्रा, खाली तीन सह्या. दोन वर्षांनी तोच कागद कुणीतरी नोकरीच्या अर्जाला जोडतो, आणि पलीकडच्या माणसाला कळत नाही की ही पदविका आहे, अभ्यासक्रम आहे की चहापानासह दोन दुपारी. पडताळणीसाठी चौकशी येते परीक्षा विभागाकडे, आणि तिथे अर्थातच काही नोंद नसते. असल्या प्रमाणपत्रावर विभागाचा लोगो, आयोजकांची सही, तारखा आणि एकूण तास लिहा. ‘सहभागी झाले’ आणि ‘उत्तीर्ण झाले’ यांतला फरक शब्दांत ठेवा. मुद्रा नको, फिकट पार्श्वभूमी म्हणूनही नको. फिकट केली की चालते हा एक लोकप्रिय गैरसमज आहे.

प्रबंधाच्या मुखपृष्ठावर काय चालतं? बहुतेक विद्यापीठं मुखपृष्ठाचा नमुना देतात. त्यात चिन्ह असेल तर जसं आहे तसं ठेवा, नसेल तर आपल्या मनाने घालू नका. स्वतःचा बायोडाटा, व्हिजिटिंग कार्ड, खासगी शिकवणीची जाहिरात, स्वतःचं पुस्तक यांवर लोगो नको. तिथे शिकलात किंवा शिकवता हे शब्दांत लिहायला कुणाची हरकत नसते, कारण ती वस्तुस्थिती आहे. निवडणुकीचा प्रचार, राजकीय निवेदन, एखाद्या उत्पादनाची शिफारस यांचा तर प्रश्नच नाही. व्यक्ती म्हणून तुमचं मत असू शकतं, विद्यापीठाच्या लेटरहेडवर ते जाऊ नये.

पायरी ३: परवानगी लेखी घ्या

मुद्रेसाठी कुलसचिव कार्यालय, लोगोसाठी जनसंपर्क किंवा प्रसिद्धी विभाग, विक्रीच्या वस्तूंसाठी परवाने पाहणारं किंवा कायदा कार्यालय अशी साधारण विभागणी असते. विभागाच्या रोजच्या पत्रव्यवहाराला वेगळी परवानगी लागत नाही, ठरलेलं लेटरहेड वापरलं की झालं. परवानगी लागते ती काही नवं करताना.

‘सर, लोगो वापरू का?’ एवढंच विचारलं तर ‘हो वापरा’ एवढंच उत्तर येतं, आणि पुढे वाद झाला की त्या दोन शब्दांना काही अर्थ उरत नाही. अर्जात काय, कुठे, किती, किती काळ आणि सोबत कोण, हे सगळं यायला हवं. साधारण असं:

*‘आमच्या विभागातर्फे दोन दिवसांचा परिसंवाद होणार आहे. निमंत्रणपत्रिका (ए-४, ५०० प्रती), मंचावरचा एक बॅनर आणि नोंदणीचं वेबपान यांवर विद्यापीठाचा आडवा रंगीत लोगो वापरण्यास परवानगी मिळावी. तिन्हींचे मसुदे सोबत जोडले आहेत. पत्रिकेच्या तळाशी एका प्रायोजक संस्थेचा लोगोही आहे. वापर या परिसंवादापुरता मर्यादित राहील. विक्रीसाठी काही छापले जाणार नाही.’*

मसुदा जोडण्याचा फायदा असा की तपासणारा माणूस लगेच पाहून सांगतो, ‘प्रायोजकाचा लोगो जरा लहान करा.’ मसुदा नसेल तर तीन वेळा मेलची ये-जा होते. आलेलं उत्तर फाईलला लावून ठेवा. आणि एक परवानगी एकाच कामासाठी असते. गेल्या वर्षीच्या परिसंवादाची परवानगी दाखवून यंदाचा बॅनर छापता येत नाही.

बाहेरच्या संस्थेचे असाल तर आणखी सावध राहा. विद्यापीठांची नावं आणि चिन्हं अनेकदा ट्रेडमार्क म्हणून नोंदलेली असतात. तुमच्या कंपनीने विद्यापीठाला संगणक विकले म्हणून ‘आमचे ग्राहक’ या मथळ्याखाली त्याचा लोगो आपोआप लावता येत नाही. करारात तसं कलम आहे का ते बघा. बातमीत किंवा लेखात विद्यापीठाचं नाव घेण्याला सहसा परवानगी लागत नाही. पण नाव घेणं वेगळं आणि चिन्ह लावणं वेगळं, आणि कायद्याचे तपशील देशागणिक बदलतात.

पायरी ४: फाईल मूळ ठिकाणाहूनच घ्या

विद्यापीठाच्या वेबसाइटवर ‘ब्रँड’, ‘ओळख’ किंवा ‘डाउनलोड’ अशा नावाचं पान असतं, तिथून लोगो घ्या. नसेल तर प्रसिद्धी विभागाकडून मागवा. नेटवरच्या शोधात मिळालेला, जुन्या पत्रिकेवरून स्कॅन केलेला किंवा व्हॉट्सॲपवर तीन ग्रुप फिरून आलेला लोगो नको. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान केलं जातं आणि कडांना धुरकट ठिपके येतात. मोबाइलवर ते दिसत नाहीत, बॅनरवर दिसतात. पाठवायचीच असेल तर फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

छपाईसाठी व्हेक्टर फाईल मागा: एसव्हीजी, ईपीएस, एआय किंवा व्हेक्टर पीडीएफ. त्यात आकृती रेषांच्या गणितात साठवलेली असते, त्यामुळे पेनावर छापा किंवा इमारतीवर, कड स्वच्छच राहते. पीएनजी स्क्रीनसाठी बरी, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते. जेपीजीत पारदर्शकता नसतेच. गडद निळ्या पोस्टरवर लोगोमागे दिसणारा पांढरा चौकोन बहुधा तिथूनच आलेला असतो.

पीएनजीवरच भागवायचं असेल तर आधी हिशेब करा. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. लोगो ५ सेंटिमीटर रुंद हवा असेल तर ५ भागिले २.५४ गुणिले ३००, म्हणजे साधारण ५९० पिक्सेल रुंदीची फाईल लागेल. वेबपानावरून उचललेली २०० पिक्सेलची फाईल याच हिशेबाने जेमतेम १.७ सेंटिमीटर पुरते. मंचावरच्या बॅनरचा तर विचारच नको. लांबून बघायच्या फ्लेक्सला ठिपके कमी चालतात हे खरं, पण व्हेक्टर फाईल मिळत असताना हा जुगार खेळायचा कशाला?

हल्ली एक नवी सवय दिसते. फाटका लोगो एआयच्या साधनात टाकून ‘स्वच्छ करून दे’ म्हणायचं. ते साधन लोगो स्वच्छ करत नाही, अंदाजाने नव्याने काढतं. दुरून झकास दिसतं. जवळ जाऊन ब्रीदवाक्य वाचा, अक्षरांच्या जागी अक्षरांसारखी दिसणारी नक्षी असते. स्थापनेच्या वर्षातला एखादा आकडाही बदललेला असू शकतो.

पायरी ५: मांडणी करताना

लोगोभोवती मोकळी जागा ठेवावी लागते. किती, ते नियमावलीत लिहिलेलं असतं, आणि ते सेंटिमीटरमध्ये नसून बहुतेक लोगोच्याच एखाद्या भागाच्या मापात असतं, उदाहरणार्थ ‘नावातल्या पहिल्या अक्षराच्या उंचीएवढी’. कारण लोगो लहानमोठा झाला की जागाही त्याच प्रमाणात लहानमोठी व्हायला हवी. सोपी युक्ती: त्या अक्षराच्या उंचीचा एक चौकोन काढा, लोगोच्या चारही बाजूंना टेकवा, त्या पट्ट्यात काहीही शिरू देऊ नका, आणि काम झालं की चौकोन पुसून टाका. पानाची कडही ‘काहीही’मध्ये येते, हे पुष्कळ जण विसरतात.

लोगोला एक किमान आकार ठरवून दिलेला असतो. तो पाळायचा याचं कारण छापून बघितलं की पटतं. गोल आकृतीच्या कडेने लिहिलेली अक्षरं एक मिलिमीटरच्या आसपास आली की शाई पसरते आणि ‘ठ’, ‘ढ’, ‘ष’ यांची पोटं भरून जातात. गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांचं तर आणखी वाईट होतं, शाई चारही बाजूंनी आत सरकते. जागाच लहान असेल तर विद्यापीठाने लहान आकारासाठी केलेली सोपी आवृत्ती वापरा. भरतकामालाही तीच लागते, केसाएवढी बारीक रेषा धाग्यात येत नाही.

लोगो लहानमोठा करताना कोपऱ्यातूनच ओढा. बाजूचा मधला ठिपका धरून ओढलात की गोल चिन्हाचं अंडं होतं. वर्डमध्ये काम करणाऱ्यांनी हे विशेष जपावं, कारण टेबलाच्या चौकटीत बसवताना ते नकळत होतं. तपासायचं कसं? चिन्हावर क्लिक करून उंची-रुंदीचे आकडे बघा, मूळ फाईलच्या प्रमाणाशी ताडून पाहा. डोळ्यांवर विसंबू नका, पाच-सात टक्क्यांचा ताण डोळ्यांना लगेच कळत नाही.

बाकीच्या मनाया तुम्हाला ठाऊक असतीलच: तिरका करू नका, सावली, चमक, त्रिमिती नको, आकृती आणि नाव यांची अदलाबदल नको, सणावाराला टोपी घालू नका, एखादा भाग उचलून स्वतःच्या गटाच्या लोगोत बसवू नका. या शेवटच्या प्रकाराबाबत विद्यापीठं सगळ्यात कडक असतात, आणि ते बरोबरही आहे. ढाल तीच, फक्त पुस्तकाऐवजी कॅमेरा, खाली ‘छायाचित्र मंडळ’. करणाऱ्याला हा मान दिल्यासारखा वाटतो, पण ट्रेडमार्क सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने ही नक्कलच.

पायरी ६: रंग

‘आमचा रंग निळा’ एवढ्यावर छपाईवाल्याला सोडू नका. निळे शेकड्याने असतात. ऑक्सफर्डचा गडद निळा पँटोन (छपाईच्या रंगांना क्रमांक देणारी पद्धत) २८२ या क्रमांकाने ओळखला जातो आणि स्क्रीनवर त्याची आरजीबी मूल्यं, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाची प्रमाणं, ०, ३३, ७१ आहेत. तुमच्या विद्यापीठानेही असेच आकडे ठरवलेले असतात आणि साधारण तीन संच दिलेले असतात: स्क्रीनसाठी आरजीबी, चाररंगी छपाईसाठी सीएमवायके, आणि खास शाईसाठी पँटोन. आरजीबीची फाईल तशीच छापखान्यात गेली तर रूपांतर यंत्रावर सोडल्यासारखं होतं, आणि गडद निळ्यात किरमिजी शाई जरा जास्त पडली की तो जांभळ्याकडे झुकतो. स्क्रीनवर बघून रंग पसंत करू नका, छापील नमुना मागा.

रंगीत छपाई नसेल तर रंगीत लोगो तसाच काळ्या-पांढऱ्यात काढू नका, त्याचे सगळे रंग एकसारखे राखाडी होतात. एकरंगी आवृत्ती वेगळी दिलेली असते. गडद पार्श्वभूमीसाठी उलटी, पांढरी आवृत्तीही असते. ती मूळ फाईलचे रंग ‘इन्व्हर्ट’ करून बनत नाही, तसं केलं की चिन्हातल्या चेहऱ्याचा किंवा दिव्याचा फोटोच्या निगेटिव्हसारखा अवतार होतो. गजबजलेल्या फोटोवर लोगो ठेवू नका. फोटो हवाच असेल तर त्यात आकाश किंवा भिंतीसारखा शांत भाग शोधा.

पायरी ७: शेजारी दुसऱ्यांचे लोगो असतील तर

दोन विद्यापीठांचा संयुक्त कार्यक्रम असेल तर दोन्ही चिन्हं एकाच वजनाची दिसली पाहिजेत. वजन म्हणजे उंची नव्हे. आडवा लोगो आणि गोल लोगो सारख्या उंचीचे ठेवले तर आडवा मोठा वाटतो. थोडं मागे सरून, डोळे किलकिले करून बघा आणि जमवा. मध्ये एक बारीक उभी रेघ चालते, दोन्ही जोडून एक नवं चिन्ह करणं चालत नाही.

प्रायोजकांची गोष्ट निराळी. आयोजक म्हणून विद्यापीठ वर, प्रायोजक खाली, ‘साहाय्य’ किंवा ‘प्रायोजक’ अशा स्पष्ट मथळ्याखाली. सगळे एका ओळीत आले की विद्यापीठच त्या मालाची शिफारस करतंय असं वाचलं जातं. प्रायोजकाचा माणूस लोगो मोठा करा म्हणून मागे लागतोच. त्याला वैयक्तिक उत्तर देण्यापेक्षा मंजूर झालेला मसुदा दाखवा, विषय मिटतो.

पायरी ८: टी-शर्ट, मग, वह्या

विक्री आली की परवाना आला. नफा नाही, फक्त खर्च वसूल करतोय, असं म्हणून सुटका होत नाही. अमेरिकेत हा व्यवसायच एवढा मोठा आहे की अनेक विद्यापीठांच्या वतीने परवाने देण्याचं काम करणारी एक कंपनी १९८१ पासून आहे. इतरत्र हे काम विद्यापीठाचंच एखादं कार्यालय बघतं. कुणाकडून बनवून घेताय, किती नग, किती किमतीला, नमुना कसा, हे विचारलं जाईल. मुद्रा विक्रीच्या वस्तूवर जवळपास कुठेच चालत नाही. विकायचं नसलं, स्वयंसेवकांना वाटायचं असलं, तरी आधी विचाराच.

पायरी ९: स्क्रीनवर

समाजमाध्यमांवरचं प्रोफाइल चित्र गोल कापलं जातं. मुद्राही गोल. त्यामुळे विभागाच्या पानाला मुद्रा लावण्याचा मोह अनेकांना होतो, आणि अधिकृत मुद्रेचा सगळ्यात सर्रास गैरवापर तिथेच होतो. शिवाय मोबाइलवर ते चित्र नखाएवढं दिसतं, त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. विद्यापीठाने अशा खात्यांसाठी केलेलं छोटं चिन्ह मागून घ्या. आणि विद्यार्थ्यांच्या गटाचं पान असेल तर ते अधिकृत नाही हे परिचयात लिहा. प्रवेशाच्या दिवसांत घाबरलेली मुलं आणि पालक कुठलंही पान खरं मानतात.

वेबपानावर लोगोच्या चित्राला पर्यायी मजकूर द्या, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या साधनाला तो कळतो. ‘लोगो१.पीएनजी’ असा नको, विद्यापीठाचं नाव लिहा. त्यावर क्लिक करून मुखपृष्ठ उघडत असेल तर तेही लिहा. मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांत ४.५ ला १ एवढा फरक असावा असा सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात दंडक आहे. लोगोतल्या अक्षरांना त्यातून सूट आहे, पण म्हणून करड्यावर करडा लोगो ठेवण्यात काही शहाणपण नाही.

पीडीएफवर मुद्रेचं चित्र डकवल्याने कागद अधिकृत होत नाही. चित्र कुणीही कापून दुसऱ्या कागदावर लावू शकतं. डिजिटल सहीचं तसं नसतं: सही केल्यानंतर मजकुरातलं एक अक्षर जरी बदललं तरी पडताळणीत ते उघड होतं. म्हणून ऑनलाइन प्रमाणपत्र द्यायचं असेल तर डिजिटल सही किंवा पडताळणीचा दुवा हवा, चित्र केवळ शोभेचं. याच कारणासाठी मुद्रेची मोठी, स्वच्छ फाईल सगळ्यांसाठी खुल्या फोल्डरमध्ये ठेवू नये. उठाव उमटवणारं यंत्र किंवा साचा असेल तर तो कुलुपात, आणि कोणत्या कागदावर कधी उमटवला याची नोंदवही शेजारी. साचा झिजला म्हणून बदलला तर जुना निकामी करून त्याचीही नोंद करा.

पायरी १०: छापायला सोडण्यापूर्वी, आणि नंतर

छपाईवाल्याकडून खऱ्या आकाराचा नमुना मागवा आणि तो हातात धरून बघा. ब्रीदवाक्य वाचता येतं का, वर्ष बरोबर आहे का, नावातले ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं जागेवर आहेत का? फॉन्ट रेषांत रूपांतरित केलेला नसेल तर दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात, आणि विद्यापीठाच्याच नावात हलन्त उघडा पडलेला बॅनर मंचावर लागतो. तो बघून पाहुणे काही बोलत नाहीत, फोटो मात्र काढतात.

लोगो बदलला असेल तर साठा संपेपर्यंत जुनी लेटरहेड चालतील की नाही, याचा आदेश निघालेला असतो. तो बघा. जुने फोटो, जुन्या पदव्या, जुने अंक यांतलं चिन्ह बदलायचं नसतं, तो त्या काळाचा दस्तऐवज आहे. हार्वर्डच्या विधी शाखेने आपली ढाल २०१६ मध्ये मागे घेतली, कारण ती गुलामांच्या श्रमांवर श्रीमंत झालेल्या एका कुटुंबाच्या कुलचिन्हावरून घेतलेली होती. नवी ढाल २०२१ मध्ये आली. मधल्या काळात छापलेल्या वस्तूंवर जुनी ढाल नव्हती, पण इतिहास सांगताना ती दाखवावीच लागते. असं काही दाखवताना खाली काळ लिहा, म्हणजे कुणी तीच आजची समजून उचलणार नाही. आणि आपल्या संगणकातल्या जुन्या फाईली ‘जुना, वापरू नये’ अशा नावाच्या फोल्डरमध्ये हलवा. ‘अंतिम’, ‘अंतिम नवा’, ‘अंतिम नवा २’ यांतून योग्य फाईल नवा माणूस शोधू शकत नाही.

कुठे गैरवापर दिसला, बनावट प्रवेशाची जाहिरात, खोटं प्रमाणपत्र, परवानगी नसलेला माल, तर स्क्रीनशॉट घ्या, दुवा आणि तारीख टिपून ठेवा आणि ज्या कार्यालयाकडून परवानगी मिळते तिथेच कळवा. कागद प्रत्यक्ष हातात आला असेल तर त्याच्यावर काही लिहू नका, पंच करू नका, दोन्ही बाजूंची छायाप्रत काढून मूळ कागद पाकिटात घालून द्या. समोरच्याशी परस्पर भांडू नका, कमेंटमध्ये तर नाहीच. पोस्ट पुसली गेली की पुरावाही जातो.

विद्यार्थ्यांच्या एखाद्या गटाने अजाणतेपणी लोगो वापरला असेल तर तक्रारीआधी एक फोन करा आणि योग्य फाईल कुठे मिळते तो दुवा पाठवा. बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत पोस्टर बदललेलं असतं.